हळदीच्या स्टेजखालची माती

आता माझी फजिती ऐकायचीच असेल, तर हातातला चहा आधी खाली ठेवा. सांडेल!

मला वाटलं होतं, विषारी मातीवर उपचार करायचं शिक्षण घेऊन मी परदेशातून परततेय, म्हणजे इथली जमीन माझी वाटच बघत असणार. काशीगावात सगळे वाट बघत होते ती माझ्या चुलत बहिणीच्या, सायलीच्या हळदीची!

काकांच्या घरामागची जागा पूर्वी एका गॅरेजवाल्याकडे भाड्याने होती. गॅरेज गेलं, पण सांडलेलं इंजिन ऑइल मातीतच राहिलं. काळीकुट्ट, चिकट जमीन. गवताचं पातं नाही. हळदीआधी काका तिथे सिमेंट ओतणार होते.

मी आडवी आले. "काका, विष झाकायचं नाही! मातीतलेच जंतू हे तेल खाऊन टाकतात. त्यांना हवा, ओलावा आणि थोडं शेण द्यायचं, बस्स."

"जंतू त्याल खातान? मग हलदीपर्यंत खाऊन होईल ना गो?"

"होईल!" मी ठोकून दिलं.

प्रयोगशाळेतल्या बरणीत लवकर झालं होतं ना! अंगण म्हणजे काय, मोठी बरणीच! हसू नका. खरंच असं वाटलं होतं मला.

काळी माती उकरली, शेण आणि भाताचं तूस मिसळलं, गुडघ्याएवढा चपटा ढीग रचला. हवा खेळावी म्हणून तो अधूनमधून फावड्याने उलटायचा. पण जंतूंना मुहूर्त कोण सांगणार? हळद उंबऱ्यावर आली, तरी ढीग काळाच. मग पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी त्यावर भरपूर पाणी मारलं आणि ताडपत्री घट्ट बांधून टाकली. 'हवा, हवा' म्हणून ज्या पोरीने घरादाराचं डोकं खाल्लं, तिनेच हवा बंद केली!

हळदीच्या दिवशी बाजारातून फुलं घेऊन परतले आणि पाहते तो काय? मंडपवाल्याने ढिगावर लाल गालिचा अंथरलेला. भोवती झालर. मधोमध सायलीचा पाट.

"मॅडम, स्टेज तो रेडीच था!" तो खुशीत म्हणाला. "अपना टाइम बच गया!"

"तुज्या शिक्षणाचा कायतरी उपयोग झाला गो!" काकी कौतुकाने म्हणाली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आल्यापासून माझ्या कामाचं झालेलं हे पहिलं कौतुक होतं हो! मी आणलेली फुलं झालरीला लावायला घेतली.

संध्याकाळी भाईंदर पश्चिमेहून नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली. डीजे लागला. नवऱ्याची आत्या, पोपटी पैठणीतली, अंगानेही भरभक्कम, बायकांना ओढून स्टेजवर घेऊन गेली. पहिल्याच गाण्याला ढीग खचला.

फस्स्स!

आणि वास! नासलेल्या अंड्यांचा! हवा कोंडली की दुसरेच जंतू माजतात आणि हा वास सोडतात. परीक्षेत हेच लिहून मी चांगले मार्क मिळवलेत. झालरीखालून काळा रेंदा उसळला, तो थेट आत्याबाईंच्या पैठणीवर.

डीजे थांबला.

"शी! काय हे?" आत्याबाई किंचाळल्या.

आणि मी, शहाणी, पुढे होऊन सांगते कशी, "घाबरू नका! जंतू आहेत नुसते. मीच वाढवलेत!"

झालं! "पोरीने जंतू सोडलेत" हे वाक्य फाटकापर्यंत गेलं आणि रस्त्यावर पोचेपर्यंत "घरात रोग आहे" झालं. बायकांनी पोरं उचलली. मटणाची पातेली तशीच राहिली. उष्ट्या हळदीची वाटी जवळजवळ भरलेलीच परत गेली.

सायली पाटावर, एक गाल पिवळा, एक कोरा. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने पदराने तो पिवळा गालही पुसून टाकला.

काका एवढंच म्हणाले, "शिमेट बरा व्हता."

उजाडताच मी ताडपत्री सोडली आणि ढीग एकटीने उलटला. वास हळूहळू विरला, लाज काही विरेना. तेव्हाच ठरवलं, आत्याबाईंच्या दारात जायचं. रोगबिग काही नाही, चूक माझी आहे, हे सांगायचं. हळद घेऊन परत चला म्हणून पाय धरायचे आणि ती पैठणी धुवायला मागून आणायची.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. मातीतलं तेल कसं काढायचं यावर मी तासभर बोलू शकते. साडीतलं कसं काढतात?

काकीला फोन लावला. काकीने उचलला नाही.