क्रीमच्या बिस्किटाची दया

माथेरानच्या बाजाराबाहेर सुमनताईंची घोडी, मैना, बादलीत तोंड घालून उभी होती. तिच्या खुरांना चिरा पडल्या होत्या. डॉक्टरांनी त्यासाठी खाण्यात मिसळायला क्षारांची भुकटी दिली होती. पण वास आला की मैना बादलीच उलटवायची. सुमनताईंनी कोंडा गुळाच्या पाण्यात भिजवून भुकटी थोडीथोडी वाढवत नेली. आज प्रथमच ती पूर्ण मात्रा खात होती.

तेवढ्यात एका पर्यटकाने क्रीमचं बिस्किट पुढे केलं.

"नका देऊ साहेब. मग ती हे खायची नाही."

"अहो ताई, मुकं जनावर आहे. तुम्ही नुसता कोंडा घालताय!"

मैनेने बादली सोडली. पुडा संपेपर्यंत फोटो निघत राहिले. नंतर तिने बादली हुंगली आणि मान फिरवली.

खाऊ घालणाऱ्याला आपल्याकडे कुणी जाब विचारत नाही. माकडांना वेफर्स, तळ्यातल्या माशांना पाव, गाईला शिळ्या पोळ्यांची चळत. नंतर कुणाचं पोट बिघडलं, हे पाहायला दाता थांबत नाही. हात पुढे केल्याचं समाधान त्याला हवं असतं आणि ते मिनिटभरात मिळतं. त्याची किंमत जनावर मोजतं, आणि त्याला सांभाळणारं माणूस.

हात झटकत ते गृहस्थ म्हणाले, "चला, आता पॉइंटपर्यंत हिच्यावरच बसतो. ओळख झालीय आमची."

सुमनताईंनी अर्धी भरलेली बादली उचलून त्यांच्यापुढे धरली.

"हिच्या पायांची ताकद यात राहिली, साहेब. तुम्ही चालत जा."