रुखमाबाईचा हिरडा

शहाद्याच्या रंगारी गल्लीत रुखमाबाईचं नाव निघालं की लोकांना आधी हसू यायचं, मग तिचा लाल रंग आठवायचा. लुगडी रंगवताना ही बाई गात असायची, मध्येच गिरकी घ्यायची! कमरेला कायम हिरड्याच्या पुडीची चंची. जाईल तिथं वाटीभर पाण्यात चिमूटभर पूड टाकून बघायची. पाणी पिवळसर राहिलं तर उत्तम. शाईसारखं काळं पडलं तर त्यात लोखंड आहे, आणि तसल्या पाण्यात लाल रंग मळतो म्हणजे मळतोच.

या चंचीपायी लेकीची, नानीची, दोन स्थळं मोडली होती. रंगाऱ्याच्या घरी काळ्या पाण्यात पोर द्यायची नाही, हा तिचा हट्ट. तिसरं स्थळ प्रकाशा गावचं, शांतीलाल. तो नानीला बाजारातच आवडला होता. आई घर बघायला निघाली तेव्हा नानीनं तिचा पदर धरला.

"माय, आज चंची घरच ठेव ना!"

ठेवते कसली! दिराला घेऊन ती थेट प्रकाशाला गेली. शांतीलालच्या आईनं, कौसाबाईनं, तांब्यापितळेची सगळी भांडी चिंचेनं घासून फळीवर लखलखत मांडली होती. रुखमाबाई हरखली. मुलगाही झकास! तिनं वाटीभर पाणी मागितलं, चिमूट टाकली आणि पाणी काळंकुट्ट झालं.

घरी नानीला काय तोंड दाखवायचं? ती उठलीच.

"पानी तरी पी जा, विहीनबाई," कौसाबाई रडकुंडीला आली. तिनं कोपऱ्यातलं झाकण उचलून तांब्या बुडवला, तो लोखंडी कढईत!

"कढईमा पानी?" रुखमाबाई ओरडली.

"मंग? भांडा घासी ठेवेल शेतस ना, तुम्हले दखाडाले! पानी लागनं तं डाग पडतीन."

म्हणजे दाखवायची भांडी कोरी राहावीत म्हणून पाणी कढईत, आणि लोखंड त्या कढईचं! रुखमाबाई हसून हसून खालीच बसली. मग फळीवरची सगळ्यात चकचकीत घागर उचलून, पदर खोचून विहिरीकडे पळाली. घागर ओढली, चिमूट टाकली. पाणी पिवळंच! पुन्हा ओढली, तरी पिवळंच! तिनं कौसाबाईचे हात धरले आणि विहिरीपाशीच फुगडी मांडली. दोघींची लुगडी फुलली, दीर तोंड फिरवून हसू लागला.

फिरता फिरता रुखमाबाईच्या डोळ्यांना धार लागली. आजवर पाणी काळं पडलं की तिला आतून थोडं बरंच वाटायचं. पोर घरात राहायची.

"काय जायं ओ?" कौसाबाई घाबरली.

"मन्ही पोर आते खरंच जाई," ती म्हणाली, आणि तिनं फुगडी काही सोडली नाही.