एका नांगीचा खेकडा

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली आणि दूध सोडणारीही पहिलीच. पदवीचे पेढे आईनं मोहाडीच्या बाजारातून आणून गावभर वाटले. दूध सोडल्याचं काय वाटावं, हे तिला कळलं नाही.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मला समस्त जिवांचा कळवळा आला. दूध, तूप, अंडी, मध, सगळं बंद. आमच्या ग्रुपमधले लोक तांदूळसुद्धा पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घेत. धानाच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या त्या भातखाचरात, काय काय मरतं हे मला ठाऊक होतं, पण मी गप्प बसत असे. एवढे चांगले लोक, कशाला त्यांचं जेवण बिघडवा.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत गावी गेले. पहिल्याच सकाळी बिनदुधाचा चहा मागितला आणि गाईच्या हक्कांवर बोलले. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, धुऱ्याले भोक पडलं, पाणी जाऊन राहिलं. जाय, बुजवून ये."

धुऱ्याला, म्हणजे बांधाला, भोक पाडतो खेकडा. तलावाचं पाणी पाळीनं मिळतं. ते वाहून गेलं तर नुकती रोवलेली बांधी पुढच्या पाळीपर्यंत वाळते. म्हणून खेकडा खणून काढायचा, टोपलीत टाकायचा, भोक चिखलानं बुजवायचं आणि संध्याकाळी रस्सा. लहानपणी हे माझं आवडतं काम होतं.

आता मी तत्त्वाची माणूस. खेकडा काढताना फावड्यानं त्याची एक नांगी तुटली, त्याचं मला फार वाईट वाटलं. मग पाठीला धरून त्याला अलगद धुऱ्यापलीकडे सोडलं. पलीकडे शेजारच्या काकांची बांधी होती. सोडण्याआधी फोटो काढून स्टेटसला ठेवला. पुण्याहून भराभर बदाम आले.

तिसऱ्या दिवशी काका अंगणात आले. हातात सुतळीनं बांधलेला खेकडा, एका नांगीचा. त्यांच्या धुऱ्यातून सगळं पाणी नाल्यात गेलं होतं आणि त्यांची पाळी आठ दिवसांवर होती.

"तुया स्टेटसवर पाहिला होता याले," ते म्हणाले.

एक जीव वाचवला, असं मी समजावू लागले.

"वाचवला ना. मारायचं काम मायाकडं पाठवलं. पुण्याले असंच चालते का?"

चालतं. अगदी असंच चालतं. फक्त तिथं काका अंगणात येत नाहीत.

त्यांनी खेकडा आईच्या टोपलीत टाकला. आईनं फावडा माझ्या हातात दिला. जो धुरा मी बुजवला होता तोच फोडून मी आमचं अर्धं पाणी काकांच्या बांधीत सोडलं. फोडताना आणखी एक खेकडा निघाला. आई टोपली घेऊन उभी होती. मी तो टोपलीत टाकला.

दूध मी अजूनही घेत नाही. त्या संध्याकाळी रस्साही घेतला नाही, नुसता वरणभात जेवले. पण रश्श्याचा डबा काकांकडे मीच नेऊन दिला. त्यांनी झाकण उघडलं, चमच्यानं ढवळून नीट पाहिलं.

"दोन खेकडे, तीन नांग्या," ते म्हणाले. "बरोबर हाय."