डावऱ्याची अदलाबदल

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे मशीनवाले म्हणत. उभ्या जन्मात त्यांनी बेसबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता. तरी संध्याकाळी दुकान बंद करून आले की हातांचं तेल धुऊन ते थेट मुलीच्या खोलीत जात आणि तिच्या कॉम्प्युटरवर बेसबॉलच्या एका संघाचा कारभार बघत. संघ मुलीचा. तिला देवाने नेलं त्याला वर्ष होत आलं होतं.

या खेळात आपण खेळायचं नसतं. खेळाडू कॉम्प्युटरनेच बनवलेले. कोणाला उतरवायचं, कोणाला बसवायचं, कोणाच्या बदल्यात कोण घ्यायचा, एवढंच आपण ठरवायचं. बाकीचे संघ ठिकठिकाणची माणसं सांभाळत. त्यातला एक मुलीच्या परदेशी गेलेल्या जिवलग मैत्रिणीचा. हृदयाच्या दुखण्याने मुलगी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने बाबांना शेजारी बसवून हे सगळं शिकवलं होतं.

तिच्या संघाचा कणा म्हणजे डावरा. तो डाव्या हाताचा स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चेंडूपासून फेकणारा मुख्य गडी. कोवळा होता तेव्हा तिने त्याला हेरला आणि घडवला. तरी म्हणायची, "बाबा, यात जीव गुंतवायचा नाही. उतरती लागली की देऊन टाकायचा. आणि बदल्यात मागायचं तोंड फाटेस्तोवर."

"घरच्यासारखा झालाय गं तो."

"म्हणूनच दुकानात कुणीही तुम्हाला गंडवतं."

ती गेल्यावर डावऱ्याच्या नावापुढे दमल्याची पिवळी खूण दिसली. मशीनवाल्यांनी त्याला बसवला. खूण गेली, तरी म्हणाले, आणखी थोडा आराम पडू दे. असं करता करता जवळजवळ सगळा मोसम डावरा बाकावरच राहिला.

आधी त्याच्यासाठी चांगले सौदे आले होते. एकाने दोन तगडे फलंदाज देऊ केले, दुसऱ्याने त्याच्याच तोडीचा पिचर. मशीनवाले दोन्ही पारडी बघत, बायकोला विचारत. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. देवापुढची वात सारखी करत ती म्हणायची, "पोरीचा आहे ना? मग राहू दे." आणि सौदा परत जायचा.

आता मोसम संपत आला होता. अदलाबदलीची मुदतही संपत होती आणि डावऱ्याला कोणी विचारत नव्हतं. कारण विचारायला मशीनवाल्यांनी मुलीच्या मैत्रिणीला फोन लावला.

"काका, त्याचे आकडे बघितलेत का? चेंडूत वेगच राहिला नाही."

"असं कसं? मी तर जपला त्याला. एक ओरखडा नाही."

"खेळवला नाहीत ना. नुसता बसवला की हात जातो, काका."

मशीन झाकून ठेवू नका, अधूनमधून पाय मारत जा, नाहीतर तेल सुकून जाम होईल, असं मशीनवाले येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे खरा सामना बघायला यायचं होतं तिला. आठवतं?"

"हो."

"मी म्हटलं, आधी बरी हो."

"तुम्ही काळजीपोटी म्हणालात, काका."

"आली असती तर?"

"दमली असती," मैत्रीण म्हणाली. "पण खूप ओरडली असती."

बायको दारात येऊन उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"डावरा तू घे," मशीनवाले म्हणाले. "मला काही नको. फक्त खेळव त्याला."

"फुकट देता येत नाही, नियम आहे. माझ्याकडे चेंडू झेलणारा एक राखीव कॅचर आहे, म्हातारा. पळताना धापा टाकतो."

"माझ्यासारखाच. दे."

"तिने ऐकलं असतं तर आपल्या दोघांनाही फाडून खाल्लं असतं."

दुसऱ्या संध्याकाळी डावरा मैत्रिणीच्या संघाकडून उतरला. बायको जपाची माळ घेऊन बाजूला बसली. पडद्यावर नुसते आकडे सरकत होते. डावऱ्याला सुरुवातीलाच सडकून मार पडला. मैत्रिणीने तरी त्याला बाहेर काढलं नाही.

"हरला का हो?"

"हरला. पण नवापैकी सहा डाव टाकले त्याने."

"दमला असेल."

"हो. पिवळी खूण आली बघ."

मग त्यांनी आपला संघ उघडला. मोसमभर बदली गडी फेकत होते, पण पहिल्या पिचरची चौकट त्यांनी डावऱ्याच्याच नावाने ठेवली होती; उद्याच्या सामन्यासाठी ती आता रिकामी होती. ती भरल्याशिवाय खेळ पुढे सरकत नव्हता.

"टाका ना कुणाला तरी," बायको हळूच म्हणाली.

"टाकतो," ते म्हणाले आणि त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसून राहिले.