यशोधराताईंनी वाचायला लावलेला कागद

आमच्या मंडल कचेरीबाहेर, म्हणजे तालुक्याच्या महसूल कचेरीबाहेर, लिंबाखाली एक बाक होता. यशोधराताई तिथे दुपारचा डबा खात बसल्या होत्या. मी शेजारी टेकले, तर काही न विचारता त्यांनी अर्धी ज्वारीची भाकरी, वर अंबाडीची भाजी घालून, माझ्या हातावर ठेवली. ताईंनी आता पंचाहत्तरी गाठली आहे, तरी ती भाकरी माझ्या जिभेवर आहे.

ताई शेतमजुरांच्या घरातून शिकून कचेरीत कारकून झालेल्या. मी आदिलाबादच्या कॉन्व्हेंटमधली, लग्न ठरलेली मुलगी. बाबा नुकतेच गेले होते आणि विरासतीचे, म्हणजे जमीन वारसांच्या नावे लावण्याचे काम चालू होते. मुलीचा वाटा देशाच्या कायद्यात होताच. तेव्हाच्या आंध्र सरकारने नवा कायदा करून बिनलग्नाच्या मुलींना मुलांच्या बरोबरीला आणले होते. पण आमच्याकडे बहिणी हक्क सोडल्याच्या कागदावर सही करून देत आणि भाऊ त्यांना साडी नेसवत. माझ्यासाठीही थोरल्या भावाने, दादांनी, मोरपंखी साडी आणून ठेवली होती.

आत गेल्यावर ताईंनी मला हाक मारली. समोर रुखमाबाई नावाच्या वयस्कर बाई तसल्याच हक्कसोडीच्या कागदावर अंगठा द्यायला आल्या होत्या. कागद तेलुगूत होता.

"तुले तेलुगू वाचता येते ना? मंग या मावशीले मराठीत सांग. जोरानं सांग."

मी सांगत गेले. 'माझ्या खुशीने हक्क सोडते' या वाक्यापाशी रुखमाबाईंनी मला थांबवले.

"माही खुशी कोनं लिवली वो? मले त कोनी इचारलं नाई."

माझ्या पर्समध्ये तसाच कागद होता, आणि शिकलेली असूनही मी तो वाचला नव्हता. त्या दिवशी रुखमाबाईंनी अंगठा दिला नाही, मी सही केली नाही. दादांनी "काऊन, बाई?" एवढेच विचारले. पुढे दोन भाऊबिजा ते आले नाहीत. ताई बौद्ध, त्यांच्या घरी हा सण नसतो. तरी त्या दोन्ही दिवशी त्या डबा घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. तिसऱ्या वर्षी दादा आले, तीच मोरपंखी साडी घेऊन.

सही करू नको, असे ताईंनी कधीच कुणाला सांगितले नाही. करायची तर ऐकून करा, हा त्यांचा शिरस्ता निवृत्तीपर्यंत टिकला. पुढे सरकारी घरांचे पट्टे बायकांच्या नावे निघू लागले, तेव्हा रांगेतले एक गृहस्थ कुरकुरले, "घर बाईचं, त आमी काय पाव्हने?" ताई म्हणाल्या, "पाव्हन्याले च्या भेटते. बसा."

ताईंचे गुडघे कुरकुर न करोत, दात भाकरी तोडत राहोत, आणि शंभरीचा सोहळाही आपण त्याच लिंबाखाली करू.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहिल्याबद्दल मला दोन प्रती मिळणार आहेत. एक रुखमाबाईंच्या बाजारहत्नूरला दिलेल्या नातीला पाठवावी, दुसरी दादांना. पैनगंगेकाठचे माझे तीन एकर माझ्यामागे दादांच्या मुलीला, स्वातीला द्यावेत. मोरपंखी साडीही तिलाच. पण जमिनीच्या दिवशी नव्हे, वेगळ्या दिवशी, आणि कुठलाही कागद पुढे न करता.