रिकाम्या सीटांचं डिझेल

गाडीला आवाज असतो तसा स्वभावही असतो. त्या पिवळ्या शाळागाडीचा स्वभाव गाडीवाल्या काकांइतका कुणालाच ठाऊक नव्हता. चढाला ती कुरकुरायची, उताराला गुणगुणायची, आणि थंडीच्या सकाळी तिला जरा गोंजारल्याशिवाय ती जागची हलायची नाही. काकांची बायको म्हणायची, "माझी कधी अशी मनधरणी केली नाहीत."

"अगं, तू एका हाकेत उठतेस," काका म्हणायचे. "तिला कुठं तेवढं शहाणपण?"

गाडी सरकारी शाळेची. रस्ता जिथं संपतो त्या खाणीच्या वस्तीपासून ती निघायची. तिथून एकच मुलगी चढायची. आई खाणीवर दगड फोडायची, बाप नव्हता. पुढं टेकाड, मग मळे, मग पूल, आणि पुलापलीकडं शाळा. एवढ्या वाटेवर काकांची उभी हयात गेली. आज ज्या मुलांना ते नेत होते, त्यांतल्या कितीकांच्या आयांना त्यांनीच शाळेत सोडलं होतं.

मग सरकारची योजना आली. आईबापांनी आपल्या पसंतीची शाळा निवडावी. सरकार त्या मुलामागं जो पैसा खर्च करतं, तो त्या शाळेला मिळेल. पुलाच्या अलीकडं एक खासगी शाळा निघाली. शाळा चांगली होती, हे काका कुणाहीपुढं कबूल करायचे. टेकाडावरच्या इस्त्रीवालीचा पोरगा सरकारी शाळेत अक्षर पाहिलं की घाम पुसायचा. तो तिथं गेला आणि दुकानांच्या पाट्या वाचू लागला.

अडचण एकच होती. योजनेत शिकवण्याचा पैसा होता, मुलांना नेण्या-आणण्याचा नव्हता. त्या शाळेला गाडी नव्हती. म्हणून पुष्कळ आईबाप मनात असूनही गप्प होते.

एका धुक्याच्या सकाळी इस्त्रीवाली पोराचा हात धरून टेकाड उतरताना काकांना दिसली. बाईच्या पाठीवर कपड्यांचं गाठोडं, पोराच्या पाठीवर दप्तर. काकांनी ब्रेक दाबला.

"चढ रे. शाळा दोन झाल्या म्हणून रस्ते थोडेच दोन झालेत?"

"काका, चालेल का?" इस्त्रीवाली म्हणाली.

"चालणार तर गाडी आहे. तुला कशाला काळजी?"

पोरगा हसला, चढला, आणि पुलाअलीकडं उतरला. यात काकांना काहीच वावगं दिसलं नाही. वाटेवरचं लेकरू उचलायचं, हा त्यांचा धर्म.

काका नेतात, ही बातमी मळ्यांपर्यंत गेली. ज्यांचे पाय अडले होते त्यांचे मोकळे झाले. एकामागून एक दप्तरं पुलाअलीकडं उतरू लागली. गाडी भरलेलीच असायची, दंगा तोच, गाणी तीच. फक्त सरकारी शाळेच्या अंगणात ती पोचायची तेव्हा आतला आवाज पातळ झालेला असायचा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एके दिवशी काकांना खोलीत बोलावलं. स्वतः उठून खुर्ची पुढं केली. तेव्हाच काकांनी ओळखलं, बातमी बरी नाही.

"गाडी बंद होतेय, काका."

"का? इंजिन तर ठणठणीत आहे."

"इंजिनाचं नाही. मूल गेलं की त्याच्या वाट्याचा पैसाही जातो. आधी दोन वर्षं सरकार ती तूट भरून देत होतं. यंदापासून ते थांबलं."

"पण बाई, मुलं निम्मी झाली म्हणून गाडी निम्मं डिझेल पीत नाही. खाण काही जवळ सरकली नाही."

"तेच तर. छप्पर तेवढंच, दिवे तेवढेच. वर्गातून चार मुलं गेली म्हणून शिक्षिकेचा पाव पगार कापता येत नाही. कुठंतरी कापायचं, म्हणून गाडी." बाईंनी खिडकीतून गाडीकडं पाहिलं. "तुम्ही त्या मुलांना नेता, ते मला दिसत होतं. मीच बोलले नाही. भरलेली गाडी येताना पाहून बरं वाटायचं."

आपल्याच हातानं आपण काय केलं, ते काकांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

तरी त्यांनी हातपाय हलवून पाहिले. खासगी शाळेच्या सरांकडं गेले. सर भला माणूस, त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "मुलामागं जे मिळतं ते भाड्यात आणि पगारात संपतं. गाडी कशी ठेवू?" इस्त्रीवाली म्हणाली, आम्ही सगळे मिळून वर्गणी काढतो. तर शाळेतली मुलं मोजायला आलेल्या सरकारी साहेबानं सांगितलं, की सरकारी गाडीत भाडं घेता येत नाही.

"मग पुलाच्या अलीकडं उभं राहून मोजा ना, साहेब. गाडी भरलेली दिसेल."

"पुलाशी उतरणारी मुलं या शाळेची नाहीत, काका," साहेब हळू आवाजात म्हणाला. "ती गाडीत होती, हेच मी पाहिलं नाही असं धरा."

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. राग धरावा तर कुणावर? समोर येईल तो चांगलाच निघत होता.

शेवटच्या आठवड्यात काकांनी खाणीच्या वस्तीवर मुलीच्या आईला सांगितलं. बाई हातावरची धूळ झटकत ऐकत होती.

"मग मीही हिला त्या दुसऱ्या शाळेत घालू का? निवडता येते म्हणे."

"येते की. पण तीही पुलाशीच आहे."

बाई हसली. "म्हणजे निवडायला आम्ही मोकळे. पोचायचं तेवढं बघायचं." मग हसू विरलं. "काका, माझी आई सांगायची, तुम्ही असेपर्यंत शाळेची काळजी नाही. सोमवारपासून मी काय करू, तेवढं सांगा."

मुलगी केव्हाच चढून पहिल्या सीटवर बसली होती आणि खिडकीतून आईला हात करत होती.

"हात आत घे गं," ते मुलीला म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.