तोडेकाकांची सही

छापखान्यात त्यांना सगळे तोडेकाका म्हणत, कारण ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते तेच ठरवत. फ्रेंच बोलायला सांगितलं तर ओ की ठो नाही. पण फ्रेंच क्रियापदांच्या शालेय कोशाची प्रुफं एकतीस वर्षं त्यांनीच वाचली. ‘फिनिसों’ म्हणजे ‘आम्ही संपवतो’. त्यात प्रत्यय नुसता ‘ओं’, पण ओळीत जागा संपली तर खाली जायचा ‘सों’, कारण शब्द तुटतो तो उच्चाराच्या तुकड्यांनी. असे हजारो तुकडे त्यांना तोंडपाठ होते.

बायकोच्या मोतीबिंदूसाठी त्यांनी चार दिवस रजा घेतली. परतले तर नवी आवृत्ती छापून बांधणीला गेलेली. संगणकानं जिथे तिथे प्रत्ययापाशीच शब्द तोडले होते. एका पानावर तेवीस चुका मोजल्यावर काकांचं टाळकं सरकलं. तरी चुका एक वेळ त्यांनी पोटात घातल्या असत्या. अखेरच्या प्रुफावर ‘छापावे’ या शेऱ्याखाली चक्क त्यांची सही होती, शेपटीसकट गिरवलेली.

ते तडक मालकांच्या केबिनमध्ये घुसले. मालकांनी आधी चहा सांगितला. शाळांना सोमवारी पुस्तकं हवीत, तुम्ही जागेवर नाही, तुमच्या सहीवाचून मशीनवाला कागद लावत नाही, मग केली मीच, असं ते अगदी गोडीत सांगत होते. चोर तो चोर, वर शिरजोर! शिवाय एवढं बारीक कोण बघतंय, हेही होतंच.

“पोरं बघतात,” काका म्हणाले. “ती चुकीचं पाठ करणार, मार्क त्यांचे जाणार, आणि खाली सही माझी.”

“मग शुद्धिपत्रक घालू. तुम्हीच लिहा,” असं म्हणून मालक फोनला लागले.

काका धुमसतच टेबलाशी बसले. सगळ्या चुका लिहायच्या तर शुद्धिपत्रक कोशाएवढं जाड झालं असतं. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या, सहीसकट छापून घेतल्या आणि गठ्ठा बांधणीतल्या मावशींपुढे ठेवला. काकांची सही दिसल्यावर मावशी कधीच काही विचारत नसत. त्यांनी खळ घेतली आणि प्रत्येक प्रतीत एकेक चिठ्ठी डकवली.

सोमवारी पुस्तकं शाळांत पोचली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: “या आवृत्तीची प्रुफं मी वाचलेली नाहीत. ही आवृत्ती माझी खोटी सही करून छापली आहे.”